आत्याची शेवटची आंघोळ

पटलं तर घ्या, नाही तर सोडा, असं मी म्हणणार नाही. हे घडलंय. मी तिथे होते.

रात्रही नव्हती. रविवारची भर दुपार होती, आणि जागा म्हणजे चर्चच्या मागे असलेल्या आत्याच्या दोन खोल्या.

आत्याने लग्न केलं नाही. नव्वदीला टेकली तरी पायाला भिंगरी. मुलांना बायबल शिकवायची, आजाऱ्यांना डबे पोचवायची, अडल्यानडल्याच्या दारात आधी हीच उभी. पण तिचं एक काम दुसरं कुणी करत नसे. मंडळीतली बाई गेली की आधी निरोप आत्याला, मग पाळकांना. तिला आंघोळ घालायची, केस विंचरायचे, चांगले कपडे घालून पेटीत निजवायचं, हे सगळं आत्याच करायची. साथीच्या वर्षी पोटची पोरं दारात थबकली. आत्या बाह्या सरसावून आत गेली.

भीती नाही वाटत का, विचारलं की हसायची. "मेलेलं माणूस कुरकुर करत नाही गं. जिवंतांनाच पाणी गार लागतं."

एकदा मात्र म्हणाली, "माझं तू कर."

मी हो म्हटलं.

त्या रविवारी ती उपासनेला आली नाही. मी आणि दादा धावत गेलो. पलंगावर झोपल्यासारखी पडली होती. डॉक्टर आले, तपासलं, पहाटेच गेल्या म्हणाले. मी तिचा हात धरून पाहिला. लाकडासारखा ताठ. थंडगार.

दादा शवपेटी आणायला गेला. शेजारच्या शिंपीणकाकूंना मी बाहेरच्या दारात बसवलं, कुणाला सोडू नका म्हणून सांगितलं. खिडकीची कडी लावली, आत्याच्या खोलीचं दार ओढून घेतलं आणि स्वयंपाकघरात पाणी तापत ठेवलं. त्या खोलीत जायला वाट स्वयंपाकघरातूनच.

पाणी कोमट होत आलं...

आणि बंद दारामागे कुणीतरी तांब्याने पाणी ओतलं.

त्या खोलीत नळ नाही. बादली माझ्यासमोर होती.

मग कुजबुज. एकीची नाही, बऱ्याच जणींची. हातात काम असताना बायका बोलतात तशी... हळू, तुटक.

त्यातलं एकच वाक्य स्पष्ट ऐकू आलं.

"हात वर कर, बाई. असा. झालंच आता."

मेलेल्या बायकांशी आत्या असंच बोलायची. शब्द तिचे होते.

आवाज तिचा नव्हता.

मी काकूंकडे पाहिलं. त्या उठून उभ्या राहिल्या होत्या. कुणी आलं का, विचारलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. त्यांनाही ऐकू येत होतं.

मी दार ढकललं.

कुजबुज कापल्यासारखी थांबली.

आत कुणी नव्हतं. खिडकीची कडी तशीच. आत्या सरळ निजवलेली. केस ओले, नीट विंचरलेले. अंगावर कपाटातले धुतलेले कपडे. पलंगाभोवती ओल्या पावलांची दाटी... लहान, मोठी, एकीची पाय ओढत चाललेली.

दाराकडे एकही पाऊल गेलेलं नव्हतं.

तिचे हात छातीवर ठेवावेत म्हणून उचलले. आता ते ताठ नव्हते.

दोन्ही मनगटांवर बोटांचे निळे वळ होते.

सकाळी तोच हात मी धरला होता. तेव्हा काही नव्हतं.

मी तिच्या बाह्या खाली ओढल्या. लोक जमले, म्हणाले किती मायेने केलंस, आत्याचा हात उतरलाय तुझ्यात.

दफन झाल्यावर डॉक्टरांना सहज विचारल्यासारखं विचारलं, मेलेल्या अंगावर वळ उठतात का?

"छे," ते म्हणाले. "त्याला रक्त वाहतं लागतं. माणूस जिवंत लागतं."



पाळकांना मात्र सगळं सांगितलं. ते म्हणाले, आयुष्यभर जिने मेलेल्या बायकांचं केलं, तिचं करायला त्याच आल्या असतील. असतीलही. पण आंघोळ घालताना माणसाला इतकं आवळून धरतात कधी? जे धडपडतं, त्यालाच धरावं लागतं.

शिंपीणकाकूंनी त्याच महिन्यात घर सोडलं.

मी माझ्या मुलीला बजावून ठेवलंय. माझा श्वास थांबला की पाणी दुसऱ्या कुणाला आणू दे. तू उठू नकोस. माझा हात सोडू नकोस.

ती विचारते, का?

अजून सांगितलेलं नाही.