लांबलेलं वाचन

मुलांना मी नेहमी सांगतो, संकेतस्थळाची प्रत घ्यायची तर दोन गोष्टी सांभाळा: फायली आणि डेटाबेस. फायली म्हणजे घरातलं सामान. डेटाबेस म्हणजे कुठलं सामान कोणाचं, याची घराला असलेली आठवण. एकच परत आणलं, तर घर उभं राहतं, पण कोणी कोणाला ओळखत नाही.

मुलांची वाचनं साठवलेलं आमच्या वाचनवर्गाचं संकेतस्थळ कोलमडलं, तेव्हा भाची भर दुपारी धावत आली. तिचा थोरला गेल्या वर्षी तापात गेला. ऐटीत वाचायचा, म्हणून आम्ही त्याला पंतोजी म्हणायचो. त्याचा आवाज उरला होता तो फक्त तिथे, कोल्ह्याच्या अर्ध्या गोष्टीत.

"मामा, मिळेल ना रे?"

"प्रत आहे माझ्याकडे. रडू नकोस, कीबोर्डवर पाणी सांडायला बंदी आहे."

ती डोळे पुसत हसली. तिची धाकटी, भिंगरी, अंगणात दोरीवर उड्या मारत अखंड बडबडत होती.

मी फायली चढवल्या, मग डेटाबेस. पान उघडलं. पंतोजी वाचू लागला. कोल्हा विहिरीपाशी आला की पंतोजीला खोकला यायचा, आणि ध्वनिमुद्रण तिथेच संपायचं.

खोकला आला. मग त्याने घसा साफ केला आणि तो पुढे वाचू लागला.

भाचीने माझं मनगट धरलं. "हे कधी वाचलं त्याने?"

त्या खोकल्यानंतर तो वर्गात आलाच नव्हता.

जुनं-नवं मिसळलं असेल, असं म्हणून मी सगळं पुसलं आणि तीच प्रत पुन्हा चढवली. या वेळी कोल्हा विहिरीत उतरला. आवाज घोगरा झाला होता, वयात येणाऱ्या पोरासारखा. पंतोजी चौथीत होता.

मी फायलींचा एकूण आकार पाहिला. होता तेवढाच. मग वाढलेलं आलं कुठून?

एकेक ध्वनिमुद्रण उघडत गेलो. बाकी सारी ठीक होती. भिंगरीची कविता मात्र मध्येच, अर्ध्या शब्दावर तुटत होती.

"कपाटातल्या डिस्कवर दुसरी प्रत आहे," मी म्हणालो. "ती चढवतो. सगळं पूर्वीसारखं होईल."

"आणि हा?"

"खोकल्यापर्यंत."



"मामा, पुन्हा हीच चढव."

"अगं, पण पोरीचं..."

"ती आहे ना माझ्यापाशी. म्हणेल की परत."

मी हात मागे घेतला. बटण तिनेच दाबलं.

पंतोजी वाचू लागला. भरदार आवाज, सावकाश.

अंगणात दोरी जमिनीवर आपटत होती. बडबड थांबली होती.

मग दोरीही थांबली. भिंगरी दारात आली. गळ्याला हात लावून तिने तोंड उघडलं. ओठ नुसतेच हलले.

भाचीने मान न वळवता पंतोजीचा आवाज वाढवला.