एवढा एक दांडा

जुमेरात बाजारात केतकीनं त्या टाइपरायटरवर हात ठेवला, त्याच क्षणी पलीकडच्या कडेवर दुसरा एक हात पडला.

"मी आधी पाहिलं," हाताचा मालक म्हणाला.

"पाहिलं असेल. धरलं मी."

गोणपाटावर मोडके पंखे, किल्ल्या हरवलेली कुलपं आणि कुणाकुणाचे चष्मे मांडले होते. त्यांच्यात ते काळं धूड बसलेलं, धुळीनं माखलेलं... पण कळांवर अक्षरं मराठी. हैदराबादच्या भंगारात असं घबाड रोज सापडत नाही, हे दोघांनाही कळत होतं. म्हणून कुणीच हात काढेना.

"दोनों मिल को लेलेओ ना बाबा," दुकानदार चाचा शेवटी वैतागले. "मेरा कायकू भेजा खा रैं?"

मग दोघांनी मिळूनच घेतलं. तो सारंग. पुण्याहून सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी आलेला आणि कुकटपल्लीत चार मित्रांबरोबर एका खोलीत कोंबलेला. तिथं यंत्र ठेवायचं म्हणजे एका मित्राला बाहेर काढावं लागलं असतं. त्यामुळे ते अंबरपेठेत केतकीच्या घरी आलं. ठरलं असं, की दर रविवारी दोघांनी मिळून ते साफ करायचं आणि चालू झालं की चिठ्ठ्या टाकायच्या. ज्याचं नाव निघेल त्याचं यंत्र.

त्याला ते आईसाठी हवं होतं. ती कचेरीत मराठी टंकलेखिका होती आणि संध्याकाळी घरीही टायपिंगची कामं घ्यायची. "त्या टकटकीवर मी झोपायचो," तो म्हणाला. "अजून शांततेत झोप येत नाही."

केतकीला ते बाबांसाठी हवं होतं. मुकुंदरावांचा टायपिंगचा क्लास अख्ख्या अंबरपेठेला ठाऊक होता. मग गल्लोगल्ली कम्प्युटरचे क्लास निघाले, एक तर थेट शेजारीच, आणि यांची बाकं ओस पडली. यंत्रं वजनावर गेली त्या दिवसापासून मुकुंदराव आरामखुर्चीत पेपर धरून बसायचे. काहीही विचारलं तरी उत्तर 'हौ' नाही तर 'नक्को'.

पहिल्या रविवारी सारंग शिलाई मशीनच्या तेलाची कुपी घेऊन आला आणि अक्षरांच्या दांड्यांच्या मुळाशी त्यानं सढळ हातानं तेल सोडलं.

केतकीनं तोंड उघडलं... आणि मिटलं. टायपिंग मास्तरांच्या मुलीला हे माहीत नसेल तर कुणाला? दांड्यांना तेल कधी घालायचं नसतं. धूळ त्यात कालवली जाते आणि दांडे चिकटून बसतात. रॉकेलनं धुवायचं नि कोरडं ठेवायचं, बस्स. पण ती बोलली नाही. आपण का बोललो नाही, हा प्रश्न तिनं स्वतःलाही विचारला नाही.

पुढच्या रविवारी दांडे अर्थातच गच्च. दोघं जुने टूथब्रश घेऊन बसले. तो टाचणीनं अक्षरांच्या पोटातली सुकलेली शाई काढायचा, ती चिंधीनं पुसायची. मध्ये खिचडी आणि चिंचेचा आंबट खट्टा व्हायचा. आणि निघताना तो पुन्हा थेंबभर तेल सोडायचा.

"तू मला अहो-जाहो का करतेस?" त्यानं एकदा विचारलं. "मी काय मामलेदार आहे?"

"आमच्याकडे असंच बोलतात."

"आणि तो 'हौ'? पुण्यात असं कुणी म्हणालं तर लोक वळून बघतील."

"मग तुम्ही नका वळू."

तो हसला. टाचणी पडली. ती उचलायला दोघं एकदमच वाकले आणि मग बराच वेळ दोघांनीही यंत्राकडेच बघितलं. केतकीचे कान तापले होते.

एका रविवारी मात्र भलतंच झालं. दांडे मोकळे, झराझर उठत होते. सारंगचा चेहरा पडला. केतकीचाही. यंत्र चालू झालं म्हणजे चिठ्ठ्या, आणि चिठ्ठ्या म्हणजे रविवार संपले.

"तरी... थोडं तेल सोडतोच," तो घाईनं म्हणाला.

"सोडा ना," ती त्याहून घाईनं म्हणाली.

संक्रांतीच्या दिवसांत, गच्चीगच्चीवर पतंग चढलेले असताना, तो रिकाम्या हातानं आला. कुपी नव्हती.

"मला कंपनी अमेरिकेला पाठवतेय," तो म्हणाला. "वर्षभरासाठी. पुढच्या आठवड्यात निघायचंय. आज हे पुरं करू या, केतकी."

तिनं मान हलवली. आत जाऊन रॉकेलची बाटली आणली आणि त्याच्यासमोर ठेवली. आता लपवण्यात काय अर्थ होता?

"तेल घालायचं नसतं. त्यानंच चिकटतं. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

सारंगनं बाटली हातात घेऊन फिरवली.

"मलाही," तो हळूच म्हणाला. "पहिल्याच आठवड्यात आईनं फोनवर झापलं होतं. पण यंत्र दुरुस्त झालं असतं तर मी इथं... कशाला आलो असतो?"

"मी एकदा धुऊन ठेवलं होतं," आरामखुर्चीतून आवाज आला.

दोघं दचकले. मुकुंदरावांनी पेपर खाली केला होता. कित्येक महिन्यांत त्यांच्या तोंडून एवढं लांब वाक्य निघालं नव्हतं.

"वाटलं, पोरं खूश होतील. तर दोघांची तोंडं अशी उतरली, की म्हटलं जाऊ दे. पुन्हा हात लावला नाही."

केतकीला कुठं बघावं कळेना. सारंगनं बाटली उघडली. तिघांनी मिळून दांडे धुतले, वाळवले. मुकुंदरावांनी कागद चढवला, बोटं कळांवर ठेवली, आणि घर त्या टकटकीनं भरून गेलं. ओळीच्या शेवटी घंटी वाजली तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला.

"चिठ्ठ्या राहिल्या," सारंग म्हणाला. "माझी निघाली तर हे पुण्याला जाईल. तुझी निघाली तर इथं राहील. दोन्हीत मी कुठं आहे, तेवढं सांग."

केतकी उठली. खिडकीतल्या शिलाई मशीनवरून तेलाची कुपी घेतली, आणि 'ज्ञ'चा दांडा शोधून त्याच्या मुळाशी नेमका एक थेंब सोडला.

"अगं, अगं," मुकुंदराव कळवळले.

"बाबा, तुम्हाला 'ज्ञ' फारसा लागत नाही. वर्षभर याला रॉकेल लावायचं नाही." मग तिनं सारंगकडे बघितलं, सरळ. "एवढा एक दांडा गच्च होईल. तो मोकळा करायला तू ये. आणि येताना आईंना घेऊन ये, त्यांना हे यंत्र दाखवायचंय."

'तू' ऐकून तो हसला. त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवावं असंही त्याला वाटलं नाही.

"हौ," सारंग म्हणाला.