नांतोंगो जजाच्या तीन ओळी

त्या दुपारी मी फावडं घेऊन निघालो होतो. कंपालाच्या टेकड्यांवरून पावसाचं पाणी जिथे येऊन आदळतं, तिथे आम्ही दोन वर्षं खपून दलदल उभी केली होती. वाफे, बांध आणि माणसाहून उंच पपायरसची लव्हाळी. वरच्या मुखातून पाणी काळं यायचं, निवळून जायचं. बगळेही परत आले होते. हे सगळं नांतोंगो जजाचं देणं. जजा म्हणजे आमच्याकडे आजी. लावणी करावी तर तिनंच. कमरेत वाकून, उलट्या पावलांनी मागे सरकत, लावलेल्या कोंबावर कधी पाय न देता. तोंडात सदा भाजलेली कॉफीची बी.

"मुखाशी फट ठेवू नकोस, किबिरिगे," ती मला बजावायची. "पाण्याला दार सापडलं की ते घर शोधत जातं."

नेमक्या मुखाशीच्या तीन ओळी राहिल्या आणि ती पहाटे गेली. दफन होईपर्यंत आमच्यात कुणी जमिनीला फावडं लावत नाही. दफन उद्या होतं, आभाळ मात्र आजच भरून आलं. बांधाखालच्या वस्तीत माझी बहीण बाबिर्ये, चार दिवसांची बाळंतीण. आमच्याबरोबर रोपं लावणाऱ्या नामुलीला मी त्या ओळी पुऱ्या करायला विनवलं. तिनं हात मागे घेतले.

"जजा अजून घरात निजलीय. आणि तू चिखल उकरणार?"

मग मी एकटाच निघालो. रीत मोडायची लाज वाटत होती, पण बहिणीची काळजी जास्त होती.

मुखाशी पोचलो तेव्हा पावसानं बांध दिसेना. आधी वास आला, भाजलेल्या कॉफीचा. मग पाठ दिसली. वाकलेली, ओलीचिंब. हात चिखलात जात होते, वर येत होते. घाई कसलीच नाही. आणि एकेक पाऊल मागे... माझ्याकडे.

"जजा...?"

ती वळली नाही. पाठ जवळ येत राहिली. मी फावडं टाकून पळालो.

रात्रभर लोंढा धडकत राहिला. सकाळी बाबिर्येचा उंबरा कोरडा होता. वाफ्यात तिन्ही ओळी उभ्या होत्या, दोरी धरून लावल्यासारख्या. शेवटची माझ्या फावड्यापाशी संपत होती. माझा ऊर भरून आला. असा हात मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही.

दुपारी जजाला मूठमाती दिली. परतताना एकच गोष्ट सलत होती. पपायरसला मूळ धरायला महिने लागतात. कालची लावणी लोंढ्यात टिकली कशी? मी वाफ्यात उतरलो. एक देठ धरून हलकेच वर ओढला.

खालून कुणीतरी तो तितक्याच हलकेपणानं परत ओढून घेतला.