मला गुरुवार आवडतात

मंचरच्या झेरॉक्सच्या दुकानात त्या दिवशी वीज गेली नसती, तर भरत आपलं काम आटोपून निघून गेला असता. पण वीज गेली आणि आम्ही दोघं बाकड्यावर खोळंबलो. त्याच्या हातात एक मळकं माहितीपुस्तक होतं. मी सहज डोकावले आणि मोठ्यानं वाचून गेले — "इन्वेर्नादेरो..."

"काय म्हनालात?"

"पॉलिहाऊस. स्पॅनिश आहे हे."

तो माझ्याकडे असा बघत राहिला, की शेवटी मीच मान खाली घातली.

साल २००४. पुण्यात बी.कॉम. करता करता मी हौसेनं दोन वर्षं स्पॅनिश शिकले होते आणि परत कळंबला घरी आले होते. आबा म्हणायचे, ही भाषा बोलायला आपल्याकडं आहे कोण? आता एक जण सापडला होता. भरत लोणीचा. त्यानं अर्ध्या एकरात फुलांसाठी पॉलिहाऊस उभं केलं होतं, सांगाडा स्पेनचा. तो विकणारी कंपनी पाच शेतकऱ्यांना सात महिने तिकडच्या शेतांवर शिकायला नेणार होती. पण ऑगस्टमधल्या मुलाखतीत थोडंफार स्पॅनिश बोलता यायला हवं होतं. मला शिकवाल का, असं त्यानं विचारलं. आबांनी परवानगी दिली — शिकवणी ओट्यावर, आणि आई समोर बसणार.

मग दर गुरुवारी चार वाजता त्याची मोटारसायकल दारात यायची. आई शेंगा फोडत बसायची. आम्ही नामांच्या लिंगापासून सुरुवात केली. तुएर्का म्हणजे नट, ती बाई. तोर्नियो म्हणजे बोल्ट, तो बाप्या.

"मंग जोडी बराबर हाय, मॅडम," तो वहीतून मान वर न करता म्हणाला. आईनं पुढची शेंग जरा जोरातच फोडली.

'असणे'साठी त्यांच्याकडे दोन क्रियापदं. कायमचं असेल तर सेर, सध्यापुरतं असेल तर एस्तार. मेलेल्या माणसाला कोणतं, असं त्यानं विचारलं. एस्तार, मी सांगितलं. बराच विचार करून तो म्हणाला, म्हणजे त्या लोकांनी अजून आशा सोडलेली नाही.

'मला आवडतं' शिकवलं, तेव्हा मात्र त्याचा चेहरा उजळला. तिथंही आपल्यासारखंच — मला फूल आवडतं, मला फुलं आवडतात. एक वाक्य करा, मी म्हणाले. तो पेन्सिल चावत बसला. मग धीर करून म्हणाला, "मे गुस्तान लोस उएवोस."

मला हसू आवरेना. "तुम्ही म्हणालात, मला अंडी आवडतात."

"अंडी न्हाई..." त्याचे कान लाल झाले. "मला गुरुवार म्हनायचं व्हतं."

अंडी म्हणजे उएवोस, गुरुवार म्हणजे हुएवेस — मी तेच तेच तीनदा समजावलं.

त्या रात्रीपासून एकच विचार छळू लागला. हा चांगला शिकला, तर जाणार. आणि शिकवणारी कोण? मीच. पुढचे दोन आठवडे मी भूतकाळ शिकवायचं टाळलं. तो बिचारा जुनंच घोकत बसला. तिसऱ्या गुरुवारी त्यानं जरबेराची चार फुलं आणली. माना मोडून लोंबत होत्या.

"कालच तोडलीत," तो म्हणाला. "धा दिवस टिकाया पायजेत. कुठं चुकतंय, तेच तिथं बघायचंय मला."

मला स्वतःची लाज वाटली. त्या दिवशी दिवे लागेपर्यंत मी भूतकाळ शिकवला, आणि पुढे आठवड्यातून दोनदा शिकवणी घेतली.

मुलाखतीच्या दिवशी संध्याकाळी मी कोथिंबीर आणायच्या निमित्तानं स्टँडवर गेले. चार एस्ट्या आल्या नि गेल्या. पाचवीतून तो उतरला — भुरभुर पावसात, हातात बूट घेऊन.

"झालं. पंधरा सप्टेंबरला निघायचं."

मी हसले... आणि डोळेही भरून आले.

"एका ठिकानी गडबड झाली पन," तो म्हणाला. "त्यांनी इचारलं, लगीन झालंय का."

"मग काय म्हणालास?" माझ्या तोंडून पहिल्यांदाच 'तू' निघालं.

"तोदाविया नो. अजून न्हाई. तर ते म्हने, म्हंजी ठरलंय?" त्यानं बूट दुसऱ्या हातात घेतले. "मी म्हनालो, म्हाईत न्हाई. कळंबला उतरून इचारतो."

रस्त्यावरून एक टेम्पो गेला. कोथिंबिरीची जुडी मी किती घट्ट धरली होती, ते मला नंतर कळलं.

"विचार ना मग."

त्यानं विचारलं. मॅडम नाही, वृषाली म्हणून — अगदी हळू. मी हो म्हणाले.

रविवारी तो वडिलांना घेऊन घरी आला. आबांनी सगळं ऐकून घेतलं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि त्याला विचारलं, माघारी कधी येणार. एप्रिलात, भरत म्हणाला. आबा उठले. खिळ्यावरचं कॅलेंडर काढून पानं उलटत डिसेंबरपर्यंत गेले आणि तिथं अडकले.

"अगं," त्यांनी आईला हाक मारली, "फुडल्या सालचं कॅलेंडर कधी मिळंल?"