रंगवलेले डोळे

“ह्यो फोटोतून माझ्याकडं बघून राहिलाय,” गुणाबाईंनी नवऱ्याची फ्रेम टेबलावर ठेवली. “शेजारच्यांचे फोटो न्हाई बघत.”

खासगी तपासाची पाटी लावणारे लातुरात नागप्पा एकटेच. भूकंपाला सहा महिने झाले होते. भूकंप झाला तेव्हा गुणाबाई माहेरी, बिलोलीला होत्या. त्या पोचायच्या आत दीर हणमंतरावांनी त्यांच्या नवऱ्याला, वैजनाथला, गावातल्या सगळ्या मृतांच्या एकाच चितेवर ठेवून मोकळं केलं. आता वैजनाथची जमीनही तेच कसत होते.

“दुःखात असं वाटतं, बाई,” मदतनीस दगडोबा म्हणाला.

“तू कापूस भिजवून आण,” नागप्पा म्हणाले.

मयताचे मिटलेले डोळे छापील फोटोवर ब्रशने उघडून देणं, ही खाजा फोटोवाल्याची खासियत. गावात तेरा भिंतींवर एकच नजर टांगली होती. गुणाबाईंनी सोबत आणलेल्या शेजाऱ्याच्या फोटोवर नागप्पांनी ओला कापूस फिरवला. डोळे कापसावर आले. वैजनाथचे जागचे हलले नाहीत.

खाजाच्या दुकानात क्लासच्या पोरांची पासपोर्ट फोटोंसाठी रांग होती.

“हाव, वैजनाथचे डोळे मीच रंगवले,” तो म्हणाला. “मयताचे दोन फोटो काढतो, साहेब. एक सरकारी, एक घरचा.”

नागप्पांनी विचारताच हणमंतराव तडकले. “डोळे मीच मिटले. चिता पेटेस्तोवर त्याच्या उजव्या हाताला उभा होतो. अजून काय करायचं भावानं?”

दुसऱ्या दिवशी नागप्पांनी सगळ्यांना खाजाच्या डार्करूममध्ये उभं केलं. लाल दिवा. खाजाने कागद डेव्हलपरमध्ये सोडला.

“घरच्या फोटोतले डोळे रंगवलेले न्हाईत,” नागप्पा म्हणाले. “ म्हणजे खाजा खोटं बोलला. कशापायी? ह्या दुसऱ्या निगेटिव्हपायी.”

ट्रेमध्ये वैजनाथ वर येऊ लागला. कडेला कुणाचं तरी धोतर. बुबुळं त्याच धोतराकडे वळलेली.

“पहिल्यात नजर कॅमेऱ्याकडं, दुसऱ्यात त्याच्या उजव्या हाताला, हणमंतरावांकडं. मेलेल्याची नजर फिरत न्हाई, दगडोबा.”

“फिल्म चौथ्या दिवशी धुतली, तवा कळलं,” खाजा पुटपुटला. “तवर राख झाली होती.”

“कंबर मोडली होती त्याची!” हणमंतराव ओरडले. “जन्मभर खाटेवर कोण करणार होतं त्याचं?”

“मी,” गुणाबाई म्हणाल्या.

हणमंतरावांचा हात पांढऱ्या दिव्याच्या बटणाकडे गेला.

“लावा की,” नागप्पा म्हणाले. “फोटो कधीच हायपोत, पक्का करायच्या पाण्यात, पडलाय. आता उजेडानं काळा पडत न्हाई. निगेटिव्ह ठाण्यात जाईल.”

गुणाबाई ट्रेवर वाकल्या.

“खाजाभाई, ह्यो मोठा करून द्या. भाऊजींच्या घरात लावायचाय.”