मोज्यांचा दुसरा जोड

"ताई, त्या कपड्यांना हात लावू नकोस! माझ्या लेकीची तयारी माझी मी करीन!"

ठकूची आई, म्हणजे मावशीची धाकटी बहीण, एवढ्या जोरात ओरडली की मावशीच्या हातातला लोकरीचा मोजा तसाच अधांतरी राहिला. पलंगावर कपड्यांचा नुसता ढीग पडला होता... सुती बनियन, जाडजूड स्वेटर, बर्फात घालायची विजार, टोप्या, मोज्यांचे जोडच्या जोड... आणि त्या ढिगाशेजारी आठ वर्षांची ठकू लालभडक जाकीट घालून उभी होती. जाकीट कसलं, तंबूच तो! वाढतं अंग आहे, पुढच्या वर्षीही होईल, म्हणून धाकटीनं चांगलं दोन मापं मोठं घेतलेलं. बाह्या गुडघ्यापर्यंत लोंबत होत्या.

"मी आत कुठे आहे ते शोधून दाखवा!" ठकू खिदळली. पण कोणी हसलं नाही, तेव्हा बिचारी आपोआप गप्प झाली.

संध्याकाळी शाळेची बस निघणार होती. डोंगरावर, बर्फात घसरायला शिकवणाऱ्या शिबिराला. ठकूच्या हट्टापुढे धाकटीचं काही चाललं नव्हतं, आणि या घरातलं कोणीतरी कितीतरी वर्षांनी पुन्हा बर्फात जाणार होतं.

मावशीनं मोजा अलगद खाली ठेवला. या घरात ती अशीच वावरायची. ठेवलेलं उचलायचं, उचललेलं ठेवायचं, आणि बोलायचं ते भांड्यांशी. एके काळी हीच बाई डोंगरउतारावर मुलांच्या रांगेपुढे वाऱ्यासारखी निघायची. बर्फावर घसरायला शिकवणं हा तिचा पेशा होता, अहो, पेशा कसला, तिचा जीवच होता तो! आता ती धुलाईच्या दुकानात गिऱ्हाइकांचे कोट टांगायची आणि घरी येऊन बहिणीचा संसार सांभाळायची. का? तर एका दुपारनं तिच्या आयुष्याचा पार निकाल लावला होता, म्हणून.

तेव्हा ठकू आईच्या पोटात होती. ठकूची थोरली बहीण, जिला घरात सगळे मोठी म्हणत, ती तेव्हा ठकूएवढीच होती. मावशीनं तिला आपल्या वर्गाबरोबर डोंगरावर नेलं. डोंगरावर नेणारा तारेवरचा पाळणा मध्येच बंद पडला, वारा सुटला, आणि पाळणा खाली येईतो सगळी मुलं गारठली. बाकीची गरम दुधानं सावरली. मोठीच्या पायाची मात्र दोन बोटं गेली... कायमची गेली!

त्या दिवसापासून धाकटी येणाऱ्याजाणाऱ्याला एकच कहाणी ऐकवायची. "सख्ख्या बहिणीच्या भरवशावर पाठवली, आणि पोरगी अधू होऊन आली! मोज्यांचा एकच जोड घालून नेत होती हो ही शहाणी. माझं नशीब म्हणून मी बस सुटताना गुपचूप मोज्यांचा दुसरा जोड चढवला, मावशीला सांगू नकोस म्हणाले... नाहीतर अख्खं पाऊल गेलं असतं!"

मावशी ते ऐकायची आणि पोळ्या लाटत राहायची. एकदाही... एकदाही तिनं तोंड उघडलं नाही.

"बरं, मी नाही हात लावत," ती आता शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणाली. "फक्त एवढं ऐक. अंगालगत सुती नको गं. पोर पडेल, धडपडेल, घामेजेल, आणि ओलं सुती कापड अंगाला चिकटलं की हुडहुडी भरते. पातळ लोकरीचं घाल. त्यावर एक मऊ उबदार सदरा, आणि वरून वारा-पाणी अडवणारं जाकीट, मापाचं. या तंबूत तर खालून गार वारा शिरेल."

"झालं तुझं?"

"हातमोजे बोटांचे नकोत, मुठीचे दे. चारी बोटं एकत्र असली की एकमेकांना ऊब देतात. आणि मोजे... धाकटे, मोजे एकच जोड. तुझ्या पाया पडते!"

मोजे म्हटल्याबरोबर धाकटीचा चेहरा पेटला. "तुझा सल्ला एकदा ऐकलाय मी! त्याची किंमत माझी मोठी रोज मोजतेय. ठकूला मी दोन जोड घातलेत. हवं तर तीन घालीन!"

मावशी वाकली. तिनं खाली पाहिलं. तंबूएवढ्या जाकिटाखाली ठकूच्या पायांत बर्फात घसरायचे टणक, कड्यांचे बूट होते. सवय व्हावी म्हणून दुपारच्या जेवणापासून धाकटीनं चढवून ठेवलेले. कड्या शेवटच्या खाचेपर्यंत आवळलेल्या!

आता काय करावं? खरं सांगावं? सांगितलं तर जिला पोटाशी धरून एवढी वर्षं जपलं, त्या बहिणीच्या काळजावर आपल्याच हातानं घाव घालायचा! न सांगावं तर ही हसरी, बडबडी पोर संध्याकाळी त्याच डोंगरावर निघणार... देवा, एवढी कठोर परीक्षा पुन्हा का घेतोस?

ठकूनं पाय आपटला. "आई, माझी बोटं झोपलीत गं."

"उठतील! चालून बघ जरा."

मावशी उठली. तिनं दार लावलं आणि दाराला पाठ टेकून चक्क जमिनीवर बसली. जन्मात कधी हट्ट न केलेली ती बाई... आज दार अडवून बसली होती.

"हिचे बूट काढ. काढल्याशिवाय मी हिला या दाराबाहेर पाऊल टाकू देणार नाही."

"तू? तू मला सांगणार?" धाकटीचा तोल सुटला. "एकीची बोटं खाल्लीस, आता दुसरीवर टपलीस? तुला स्वतःचं मूल नाही ना, म्हणून तुला आईचं काळीज कळत नाही! ऊठ तिथून! माझ्या घरातून चालती हो!"

ठकू रडायला लागली. मावशी मात्र उठली नाही.

"जाईन," ती म्हणाली. "बस निघायच्या आत जाईन, पुन्हा तोंड दाखवणार नाही. पण आधी बूट काढ."

"आई, थांब."

आतल्या खोलीच्या उंबऱ्यात मोठी उभी होती. सतरा वर्षांची, उंच, अबोल. घरात बारा महिने मोजे घालून फिरायची. आपलं पाऊल तिनं मावशीला त्यानंतर कधी दिसू दिलं नव्हतं. मावशीशी बोलायची तेही कामापुरतं, तोडून. आता मात्र ती ठकूकडे एकटक बघत होती.

"काय म्हणालीस गं तू? बोटं झोपलीत?"

"हो... मुंग्या येत होत्या आधी. आता तर काहीच येत नाहीये."

मोठी खाली बसली. तिनं बुटाच्या कड्या उघडल्या. बूट निघता निघेना; आतल्या जाड मोज्यांनी तो ठासून भरला होता. अखेर निघाला. तिनं एक मोजा उतरवला, मग त्याखालचा दुसरा. दुसरा पायही तसाच मोकळा केला. ठकूच्या पावलांवर विणीचे वळ उठले होते, आणि बोटं पांढरी पडली होती.

मोठीनं ती हातात धरली आणि एकदम आईकडे पाहिलं. "गार आहेत."

"काहीतरीच! खोलीत शेगडी चालू आहे, आम्हाला घाम फुटलाय इथे..."

"हात लाव, आई."

धाकटीनं हात लावला. आणि तिचा हात तिथेच थिजला. बाहेर बर्फ नव्हता, वारा नव्हता, बंद पडलेला पाळणा नव्हता. उबदार खोली होती, आणि तिच्या लेकीची बोटं मात्र थंडगार पडली होती!

"मलाही असंच झालं होतं," मोठी हळूहळू म्हणाली. "पाळण्यात बसायच्या आधीच. वाऱ्याच्या आधीच, आई. पण तू सांगू नकोस म्हणाली होतीस, म्हणून मी मावशीला सांगितलंच नाही." ती दाराशी बसलेल्या मावशीकडे वळली. "तेव्हा डॉक्टरांनी तुला बाजूला घेऊन काहीतरी विचारलं होतं. काय विचारलं होतं?"

"काही नाही गं. जुनं ते कशाला उकरायचं..."

"मावशी!"

मावशीनं मान खाली घातली. "विचारलं, बुटात दोन जाड मोजे कोणी कोंबले... बूट गच्च झाला, रक्त खाली उतरायलाच जागा राहिली नाही. बाकीच्या मुलांच्या पायांत एकेकच जोड होता, म्हणूनच त्यांना काही झालं नाही."

"आणि तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, मी."

ठकूसुद्धा रडायची थांबली. धाकटीनं खाली पडलेले मोजे उचलून हातात घेतले. मग ती पलंगाच्या कडेला धपकन बसली.

"मी...? म्हणजे मी केलं? माझ्या या हातांनी?" तिनं ताईकडे पाहिलं. "ताई, मी गावभर तुझी बदनामी करत फिरले! तुझी नोकरी गेली, तुझा डोंगर गेला... का नाही सांगितलंस गं मला? का?"

"ठकू पोटात होती तेव्हा. त्याआधीचं एक बाळ पोटातच गेलेलं... तू पांढरीफटक पडून होतीस. कसं सांगणार होते मी?"

"पण नंतर? नंतर तरी?"

"नंतर तुला तेवढाच एक आधार उरला होता, बाळा," मावशी म्हणाली. "तू दुसरा जोड घातलास म्हणून पाऊल वाचलं, असं म्हणत म्हणत तू उभी राहिलीस. तो आधार मी कुठल्या तोंडानं काढून घेऊ? मला काय, शिव्या खायची सवय होऊन गेली होती."

धाकटीनं आक्रोश केला आणि ताईच्या पायांवर कोसळली. क्षमा हा शब्दही हुंदक्यांत अर्धाच राहत होता. मावशी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. "पुरे, पुरे गं वेडाबाई... बस येईल आता. पोरीला तयार करायचंय की नाही?"

धाकटीनं डोळे पुसले, आणि हातातल्या मोज्यांचा एकच जोड ताईपुढे धरला. "तूच घाल. सगळं तूच बघ. आज मी फक्त बाजूला बसते."

मग त्या खोलीत एकच धांदल उडाली. सुती बनियन बाहेर, लोकरीचं आत. आणि तो तंबू? तो खुंटीवर गेला, आणि मोठीच्या जुन्या पेटीतलं, तिच्या लहानपणीचं निळं जाकीट निघालं. ते ठकूला अगदी मापात बसलं. मावशीनं तिला उकिडवं बसायला लावलं, हात वर करायला लावले, जाकिटाची गळ्यापर्यंत येणारी चेन हनुवटीला टोचत नाही ना, ते बोट घालून पाहिलं. तोवर बोटं पुन्हा गुलाबी झाली होती. "जागी झाली, जागी झाली!" ठकू ओरडली.

"आणि बोटं पुन्हा झोपली तर काय करायचं?" मावशीनं विचारलं.

"तिथल्या बाईंना लग्गेच सांगायचं! कोणी नको म्हटलं तरी सांगायचं!"

धाकटीनं मान फिरवली. कोपऱ्यावर बसचा भोंगा वाजला. ठकूला घेऊन ती जिना उतरायला लागली. दोन पायऱ्या उतरून परत आली, ताईला घट्ट मिठी मारली आणि पुन्हा धावली.

खोलीत दोघीच उरल्या. मावशी सवयीनं कपड्यांच्या घड्या करू लागली. तिला वाटलं, मोठी आता नेहमीसारखी आत निघून जाईल.

मोठी गेली नाही. ती मावशीसमोर जमिनीवर बसली, आपल्या पायातला मोजा तिनं स्वतःच्या हातानं ओढून काढला, आणि ते पाऊल... एवढी वर्षं लपवलेलं ते उघडं पाऊल, दोन बोटं नसलेलं... तिनं मावशीच्या मांडीवर ठेवलं.

"मलाही माझ्या मापाचे मोजे बघ ना गं, मावशी," ती म्हणाली. "मला पुन्हा जायचंय वर. तुझ्याबरोबर."

मावशीच्या डोळ्यांना त्या दिवसभरात पहिल्यांदा धारा लागल्या. तिनं ते पाऊल दोन्ही तळव्यांत धरलं आणि ढिगातला एक जोड ओढून घेतला. नसलेल्या बोटांच्या जागी शिवण घासणार नाही ना, ते चाचपून पाहिलं, आणि मग हळूच मोजा चढवायला सुरुवात केली.