प्रिंट कोण अडवतंय?

"कल्याणमामा, पुन्हा दाबू नका हो!"

गंधाली ओरडली, पण तोवर मामाने प्रिंटचं बटण दाबलंच होतं! प्रिंटर ढिम्म. पडद्यावरच्या रांगेत मात्र एकविसाव्या कागदाची भर पडली.

"अगं, मशीनला जरा धाक लागतो," कल्याणमामा म्हणाला. "मीच बसवलंय न्हाई का हे! फोनवरून बी प्रिंट निघते, अशी सोय करून ठेवलीय."

"मग काढा की फोनवरून!" दहा वर्षांचा अपूर्व म्हणाला.

"ते बी बंदच हाय," मामा पुटपुटला आणि प्रिंटरला एक चापट मारून चहा प्यायला निघून गेला. गंधालीने कपाळावर हात मारला.

जालन्याहून दोघं बहीणभाऊ सुट्टीला तीर्थपुरीला मामाकडे आले होते. खरं तर आज मळ्यातल्या विहिरीवर पोहायला जायचं ठरलं होतं. पण सकाळी शीतलताईचं हॉलतिकीट आलं आणि सगळं घर त्या प्रिंटरपुढे जमलं. शीतलताई म्हणजे मोठ्या मामाची, रामकिसनमामाची लेक. नर्सिंगची परीक्षा आजच दुपारी, जालन्याला. घनसावंगीची जीप अकराला सुटणार, तिथून पुढे बस. आणि आत्ता झाली होती दहा वाजून वीस मिनिटं!

"जालन्यात काढ की प्रिंट," सगुणाआजी म्हणाली.

"मागच्या साली तेच केल्तं, आजी!" शीतलताई म्हणाली. "झेरॉक्सचं दुकान शोधता शोधता गेट बंद झालं. आख्खं वर्ष गेलं माझं! आता कागद हातात घेतल्याशिवाय मी घराबाहेर पाऊल टाकणार न्हाई."

गावातलं झेरॉक्सचं दुकान लग्नसराईपायी बंद होतं. गंधालीने ओढणी खोचली आणि ती खुर्चीवर बसली.

"शाळेच्या लॅबमध्ये असं झालं की सर काय करतात, ते मी पाहिलंय. अप्या, तू फक्त घड्याळ बघ. बडबड नको!"

"मी कुठे बडबडतो? दहा बावीस!"

तिने संगणकातली सेवांची यादी उघडली. त्यात 'प्रिंट स्पूलर' होता. आलेले कागद रांगेत उभे करायचे आणि एकेक करून प्रिंटरकडे धाडायचे, हे त्याचं काम. आणि तोच बंद पडलेला! गंधालीने आधी रांगेचं फोल्डर उघडून सगळं पुसून टाकलं आणि मग स्पूलर पुन्हा चालू केला. प्रिंटर घुर्र करून जागा झाला.

"झालं!" अपूर्वने उडी मारली.

कसलं झालं! गंधाली हॉलतिकीट उघडेपर्यंत रांगेत कुठलासा भलामोठा फोटो येऊन बसला आणि स्पूलर पुन्हा आडवा.

"हा फोटो कुणी पाठवला? मी तर हात पण लावला नाही!"

तिने पुन्हा पुसलं, पुन्हा चालू केलं. पुन्हा तोच फोटो! तिसऱ्यांदाही तेच. गंधालीला रडू यायचंच बाकी होतं. शीतलताई दारात बॅग घेऊन उभी होती आणि दर मिनिटाला "निघालं का?" विचारत होती.

"ताई, भूत असेल का गं?" अपूर्व कुजबुजला.

"भुताला प्रिंट कशाला लागते, गाढवा?" गंधाली खेकसली आणि तशीच थांबली. "अप्या, कुणीतरी फोनवरून पाठवतंय! बंद आहे असं कल्याणमामाला वाटतं, पण फोटो पोचतोय. पळ, वायफायच्या डब्याची पिन काढ. आपलं हॉलतिकीट संगणकातच आहे, आपल्याला नेट लागत नाही. ज्याचं काम अडेल तो आपोआप ओरडेल!"

अपूर्वने पिन उपटली. दोघं कान टवकारून बसले. एक, दोन, तीन...

"आरं, नेट गेलं का रं?" अंगणातल्या लिंबाखालून आवाज आला.

"रामकिसनमामा!" दोघंही एकदम ओरडले.

गंधाली बाहेर धावली. लिंबाखालच्या बाजेवर रामकिसनमामा बसला होता आणि फोनवर अंगठा दाबत होता. एकदा, दोनदा, पुन्हा एकदा!

"मामा, हे काय करताय?"

"पोरीचं तिकीट काढून राह्यलो की! जल्दी हाय म्हणून पडद्याचा फोटो काढला अन् धाडला."

"किती वेळा?"

"निघेपर्यंत! आपली शेतातली पाण्याची मोटर फोनवरून चालू करायची तर पहिल्या कॉलला कधी धरती का? धा-बारा बार कॉल करावाच लागतो. मंग धरती."

गंधालीला हसावं की डोकं आपटावं कळेना. "मामा, ही मोटर नाही! तुमचा फोटो एवढा जड आहे की त्याच्यापायी सगळंच बंद पडतंय. ताईचं तिकीट तुम्हीच अडवून बसलाय!"

मामाचा चेहरा खर्रकन उतरला. त्याने फोन तिच्या हातात दिला.

दहा पन्नास! गंधालीने चौथ्यांदा रांग पुसली, स्पूलर चालू केला, बटण एकदाच दाबलं आणि चहा पिऊन परतलेल्या कल्याणमामाचा पुढे आलेला हात धरून ठेवला. घुर्र... खट्... आणि आला की हो कागद! शीतलताईने तो अलगद उचलला, गंधालीला घट्ट मिठी मारली आणि जीपकडे धूम ठोकली.

"शहाण्यांच्या घरात पोरांनी काम केलं म्हणायचं!" सगुणाआजीने दोघांच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. कल्याणमामाने कान पकडले आणि संध्याकाळी स्वतः विहिरीवर न्यायचं कबूल केलं.

दुपारी दीड वाजता रामकिसनमामाने शीतलताईला फोन लावला. ताईने उचलला नाही. मामाचा अंगठा पुन्हा बटणाकडे गेला, पण त्याने तो मागे घेतला. फोन मांडीवर ठेवून तो लिंबाखाली बसून राहिला. गंधालीही त्याच्याशेजारी बसली.

पाच मिनिटांनी ताईचाच फोन आला. "बाबा, गेटाच्या आत आले! आता फोन जमा करते."

मामाने डोळे पुसले आणि गंधालीकडे पाहिलं. "एकदाच दाबला, बरं का!"